किचन पाहावं बसवून!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्या घरी चूल, जातं आणि भिंतीतलं फडताळ एवढंच स्वयंपाकघर असणार. नाहीतर म्हणीला तिसरा तुकडा नक्की जोडला गेला असता. लोणी देवकरला आमच्या नव्या घराचा स्लॅब पडला आणि तेव्हापासून दर शनिवारी होस्टेलवरून घरी गेलो की विषय एकच, किचनचं काम कुणाला द्यायचं? ‘तू इंजिनेर हायेस ना, मग बघ की’ म्हणून आईने हे काम माझ्या गळ्यात घातलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

आमच्या घरात या विषयाची धास्ती आहे, कारण भिगवणला ताईच्या घरी जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दाजींनी उसाचं बिल आलं त्याच आठवड्यात सत्तर टक्के रक्कम उचलून एका ट्रॉलीवाल्याच्या हातावर ठेवली. पावती? वहीच्या पानावर आकडा आणि सही. महिन्याचं काम चौथ्या महिन्यात संपलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर सिंकखालची फळी पापडासारखी फुगली. फोन केला की ‘उद्या येतो दाजी’. तो ‘उद्या’ अजून उगवायचा आहे.

फळीचं एक वेळ सोडा. त्याने सिलेंडर ओट्याखाली चारी बाजूंनी बंद कपाटात ठेवला होता. एके दिवशी पहाटे ताईने ते दार उघडलं आणि गॅसचा भपकारा आला. नशीब, तिने लाइटचं बटण दाबलं नाही. दारं-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, पोरांना अंगणात नेलं. (गॅसगळतीसाठी 1906 हा नंबर आहे, होस्टेलच्या मेसमध्येही लिहून ठेवायला हरकत नाही.)

यात केमिस्ट्री अगदी बारावीची आहे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्ही हवेपेक्षा जड, साधारण दीड ते दोन पट. गळती झाली की गॅस वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणजे कपाटाला हवेची वाट हवी ती तळाशी, जमिनीलगत. वर दोन शोभेची भोकं पाडून उपयोग शून्य! सिलेंडर उभाच हवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी, आणि रबरी पाइप ट्रॉलीच्या मागून लपवून नेलेला नको. तो सगळा डोळ्याला दिसला पाहिजे, पाच वर्षांनी बदलला पाहिजे. म्हणून मी ठरवलं, येईल त्या माणसाला पहिला प्रश्न सिलेंडरचा. खरं म्हणजे त्याने तो आपल्याला विचारतोय का, हे बघायचं.

पहिल्यांदा बारामतीच्या एका शोरूममध्ये गेलो. एसी, चहा, लॅपटॉपवर थ्री-डी चित्र. आईला तिच्याच किचनमध्ये फिरवून आणलं! लॅमिनेटचे रंग दीड तास पाहिले. सिलेंडर कुठे, पाणी कसलं, घरात माणसं किती, यातलं एकही विचारलं नाही. मी फळी कसली म्हटल्यावर ‘एमआर ग्रेड सर, मॉइश्चर रेझिस्टंट, पाण्याचं टेन्शनच नाही’. इथे नावच फसवतं. एमआर प्लाय हवेतल्या दमटपणापुरता ठीक असतो, रोज पाणी झेलायला नाही. सिंकखाली निदान बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही डिंक न सुटणारा, नाहीतर आयएस 710 चा मरिन प्लाय लागतो. फळीवर आयएसआय शिक्का आणि त्याखाली परवाना क्रमांक असतो. तो नंबर ‘बीआयएस केअर’ नावाच्या अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा लगेच कळतं. अर्थात शिक्का असलेल्या फळीचीसुद्धा कापलेली कड उघडी सोडली तर ती पाणी पिणारच. मात्र शोरूमवाल्यांची एक गोष्ट मला आवडली. मापं, साहित्य, कर, सगळं छापील कोटेशनमध्ये दिलं.

दुसरा आमच्याच एमआयडीसीत शेडची कामं करणारा फॅब्रिकेटर. ‘लाकूडच नको, सगळं स्टीलमध्ये करू’. हे मला पटण्यासारखं होतं. काळ्या मातीत वाळवीची भीती असतेच, स्टीलला ती नाही. त्याने खिशातून चुंबक काढून नमुन्याच्या जाळीला लावला. चिकटला नाही. ‘बघा, 304!’ आण्णा एकदम खूष. मला मात्र मटेरियल सायन्सचं सबमिशन आठवलं (तेवढंच एक वेळेवर केलं होतं). 304 मध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. पण दोन्हींची रचना ऑस्टेनाइटचीच, त्यामुळे चुंबक दोघांनाही चिकटत नाही. चुंबकाने फार तर 430 सारखं स्टील ओळखता येतं. गंमत म्हणजे अस्सल 304 सुद्धा वाकवलेल्या जागी किंचित चिकटू शकतं, आणि तेवढ्यावरून लोक चांगला माल परत करतात! फरक पुढे कळतो, जेव्हा मीठ, चिंच आणि आमच्या बोअरचं जड पाणी 202 वर तांबूस ठिपके उमटवतं. ‘मग बिलावर 304 लिहून द्या’ म्हटल्यावर गडी म्हणाला, ‘आरं, बिल कशाला, घरचंच काम हाय’.

तिसरा इंदापूरचा एक सुतार, तिशीचा असेल. आला तोच टेप घेऊन. भिंतींचा काटकोन तपासला. आमचा एक कोपरा पाऊण इंच बाहेर निघाला, गवंड्याला तोंडावर पाडलं. नळाची आणि सांडपाण्याच्या पाइपाची जागा पाहिली, सिलेंडर बाहेर पडवीत ठेवता येईल का ते विचारलं. मग म्हणाला, ‘मावशी, जरा भिंतीपाशी उभ्या राहा अन् कोपर वाकवा बरं’. आई लाजली, पण उभी राहिली. जमिनीपासून कोपर 37 इंच. त्यातून पाच वजा, म्हणजे ओटा 32 इंच. आमचा जुना ओटा 34 चा आहे. आई वीस वर्षं खांदे उचलून पोळ्या लाटत होती आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये आपण ‘थर्ब्लिग’ पाठ करतो ना, ते गिलब्रेथ हेच आडनाव उलटं करून बनवलेलं. फ्रँक गिलब्रेथ 1924 साली वारले, त्यानंतर लिलियनबाईंनी हाच हालचालींचा अभ्यास स्वयंपाकघरात नेला. इकडे जर्मनीत 1926 मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या किचनवरून फ्रँकफर्ट किचन आखलं. ते हजारो घरांत बसलं. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. म्हणजे हा प्रकार जन्मला तो बाईची पावलं वाचवायला, आणि आपल्याकडे विकला जातो तो रंगावर! असो.

सुतार पटला तरी मी त्याचं जुनं काम दाखवायला लावलं. नवं नको, निदान पाच-सहा वर्षं वापरातलं. त्याने एका घरी नेलं. तिथल्या काकूंना विचारून मी आधी सिंकखालचं दार उघडलं. वास नाही, फुगवटा नाही, एक बिजागरी बदललेली. मग सगळ्यात जड ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. वीस इंची ड्रॉवरमध्ये वीस किलो असतील तर मध्यबिंदू पंचवीस सेंटिमीटर बाहेर, म्हणजे जवळजवळ 49 न्यूटन-मीटरचा मोमेंट, आणि तो झेलायचा फळीत घुसलेल्या बारक्या स्क्रूंनी. भुसा दाबून केलेल्या बोर्डात ते स्क्रू काही वर्षांत सैल पडतात आणि ड्रॉवर मान टाकतो. इथे टाकली नव्हती. ‘बोलावलं की येतो का?’ विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘येतो, पण दोन दिवस उशिरा’. चालेल!

घोडं अडलं ते बिलावर. सुताराला पावतीची सवय नव्हती. मी दाजींची गोष्ट सांगितली. वस्तू-सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, 1915 वर फोनही करता येतो. पण हातात कागद नसेल तर ग्राहकाने दाखवायचं काय? शेवटी शोरूमचं कोटेशन समोर ठेवून आम्ही दोघांनी तसाच कागद तयार केला. फळीचा ग्रेड, चॅनलची कंपनी, ओट्याची उंची, तारीख. पैसे चार टप्प्यांत, शेवटचा टप्पा ड्रॉवर भरून आठ दिवस वापरल्यानंतर. आण्णांना हे फार कोरडं वाटलं, ‘माणसावर इस्वास ठेवावा लागतो’ म्हणाले. सुतारानेच उत्तर दिलं, ‘आण्णा, असू द्या, मलाबी पैसे बुडवणारे भेटलेत’.

काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. सिलेंडर पडवीत जाणार, ओटा 32 इंच. लॅमिनेटचा रंग मात्र अजून ठरलेला नाही. आईला अबोली हवाय, ताई म्हणते डाग दिसतील.