गावाचे चित्रपटगृह कोणाचे?

आमच्या पेडणे महालात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार पाहावयास बसलेल्या माणसास ‘ही जागा कोणाची?’ असे कोणी विचारले, तर त्यास त्या प्रश्नाचे नवलच वाटेल. जागा देवाची आणि गावाची. मग विचारावयाचे ते काय? डिचोलीस नव्या सोमवारच्या उत्सवात गाण्याच्या बैठकी ऐकण्यासाठी गर्दी करणाऱ्या श्रोत्यांचीही गोष्ट तीच. परंतु हाच प्रश्न चित्रपटगृहाविषयी विचारला की उत्तर तितके सोपे राहात नाही. तिकिटाचे पैसे दिले की तीन तासांपुरती खुर्ची आपली. भिंती, पडदा आणि खालची जमीन दुसऱ्या कोणाची तरी. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. तथापि तेवढ्यानेच सर्वांचे समाधान झाले असते, तर मुंबईत लालबागच्या एका चित्रपटगृहासाठी लोक रस्त्यावर आले नसते. त्या चित्रपटगृहाचे नाव ‘भारतमाता’. विद्यार्थिमित्रांना त्याची हकिकत आज सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

लालबाग आमच्यापासून दूर असले, तरी ते आम्हांस परके नाही. पेडणे, डिचोली, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांतील कित्येक घरांतून एकेक माणूस मुंबईच्या गिरण्यांत गेलेला होता. आमच्या घराण्यातील एक वृद्ध गृहस्थही तरुणपणी तेथे बदली कामगार होते. एका खोलीत गावचे दहा-बाराजण राहात. ज्याची पाळी रात्रीची तो दिवसा झोपे आणि त्याच अंथरुणावर रात्री दुसरा निजे. अशा खोलीत निवांत बसावयास जागा कोठली? म्हणून सुटीच्या दिवशी ते ‘भारतमाता’त जाऊन बसत. घरी आमच्याशी ते नेहमी कोंकणीत बोलत. पण तेथे पाहिलेल्या चित्रपटांची गोष्ट निघाली की नकळत मराठीवर येत. चित्रपट कसा होता यापेक्षा शेजारी कोण बसला होता, कोणत्या गावचा होता, हेच ते अधिक सांगत. गिरणगावातील माणसास या चित्रपटगृहाने करमणूक तर दिलीच. पण घरापासून दूर आपल्या भाषेत हसावयास आणि रडावयास एक हक्काची जागाही दिली.

ही जागा स्वातंत्र्यापूर्वीपासूनची. ती इंडिया युनायटेड मिल क्रमांक १ या गिरणीच्या जमिनीवर उभी आहे. चित्रपटगृह चालविणारे वेगळे आणि जमिनीची मालकी वेगळी. सारा तंटा निघाला तो येथून. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ साली झाला, तेव्हा ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. त्यानंतर एकेक करून गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले. कापडाला भाव राहिला नाही. जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला.

त्या जमिनीचे काय करावयाचे, यासाठी १९९१ साली नियम झाला. एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास आणि उरलेला मालकास, अशी साधारण वाटणी होती. २००१ सालच्या दुरुस्तीने ही वाटणी, जेथे इमारती नाहीत अशा जमिनीपुरतीच उरली. साहजिकच लोकांच्या वाट्यास फार थोडे आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे पुढचे कोडे उलगडते. महामंडळाच्या दफ्तरात ‘भारतमाता’ म्हणजे मोलाच्या जमिनीवरील एक जुना भाडेकरू होता; लालबागच्या लेखी तो आयुष्याचा एक भाग होता.

महामंडळाने जागा परत मागितली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि रस्त्यावरही आले. मराठी नट-नट्या, तंत्रज्ञ, निर्माते, लालबाग-परळचे रहिवासी आणि निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते या चित्रपटगृहासाठी एकत्र झाले. त्यांचे म्हणणे असे की, मुंबईत मराठी चित्रपटांस पडदा मिळणे मुळातच कठीण. जे चित्रपटगृह पिढ्यान्‌पिढ्या ते दाखवीत आले, तेच नाहीसे झाले तर मराठी चित्रपटाने जावे कोठे? या म्हणण्यास पूर्वीचा अनुभव होता. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’स दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळावी, म्हणून शिवसेनेला आंदोलन करावे लागले होते. त्या वेळचे कोहिनूर आज त्या रूपात उरलेले नाही. ‘भारतमाता’ची वास्तू मात्र जमीनदोस्त झाली नाही. कागदावर ज्यांचे नाव नव्हते त्यांनीही आपला हक्क सांगितला आणि तो अगदीच वाया गेला नाही.

असे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील ज्या कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आला, ते आज नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट ज्या मॅजेस्टिकमध्ये प्रथम झळकले, तेही पाडले गेले; त्याचे नाव आता तेथल्या दुकानांच्या इमारतीस आहे.

चित्रपटगृहे बंद का पडतात, याची कारणे पाहू गेल्यास ती एकाएकी आलेली दिसत नाहीत. प्रथम घरोघर दूरदर्शन आले, मागोमाग व्हिडिओ कॅसेट आली. पुढे एकाच छताखाली अनेक पडदे असलेली नवी चित्रपटगृहे निघाली. आमच्या पणजीतही २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने असे एक उभे राहिले. मग रिळांचे डबे जाऊन संगणकाच्या तंत्राने चालणारी यंत्रे आली आणि ती विकत घेणे लहान गावच्या चालकास झेपेना. आता तर चित्रपट हातातल्या फोनवरच येतो. खुर्च्या रिकाम्या पडतात, छप्पर गळू लागते, आणि एके दिवशी जमिनीची किंमत वर्षभराच्या तिकिटांच्या उत्पन्नाशी ताडून पाहिली जाते. त्या दिवशी चित्रपटगृह निम्मे पडलेलेच असते. कुदळ मागाहून येते.

मग उपाय काय? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कँपबेलटाऊन या गावाने एक उपाय करून दाखविला आहे. गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या डिचोली शहराहूनही कमी. तेथले ‘पिक्चर हाऊस’ १९१३ सालच्या मे महिन्यातच उघडले. म्हणजे ते आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एकाच महिन्यातले! पडद्याच्या दोन्ही बाजूंस दोन चिमुकली घरे बांधलेली असल्यामुळे एखाद्या अंगणात बसून खेळ पाहिल्याचा भास तेथे होतो. १९८६ साली ते बंद पडले. गावकऱ्यांनी हळहळत न बसता ते स्वतःच चालवावयास घेतले आणि १९८९ साली पुन्हा उघडले. पुढे वर्गणी व अनुदाने मिळवून त्याची पूर्ण डागडुजी केली, शेजारी दुसरे लहान प्रेक्षागृह बांधले, आणि २०१७ साली ते नव्या दिमाखात सुरू झाले. आज ते गावाच्या मालकीचे आहे. उद्या ते विकावे अशी कोणी गोष्ट काढली, तर विकत घेणाऱ्यास साऱ्या गावाचीच संमती मागावी लागेल.

लालबाग आणि कँपबेलटाऊन यांतील भेद नेमका येथेच आहे. लालबागच्या लोकांस आपल्या चित्रपटगृहासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले. कँपबेलटाऊनच्या लोकांनी ते दारच आपले करून घेतले. ज्यावर गावाचे केवळ प्रेम असते, ते मालकाची मर्जी असेतो टिकते; ज्यावर गावाची मालकी असते, त्यास गाव सांभाळीपर्यंत भय नाही. ही गोष्ट गोमंतकीयांस कोणी परदेशातून येऊन शिकविण्याचे कारण नाही. गावची जमीन गावकऱ्यांनी मिळून राखावी, तिच्या उत्पन्नातून बांध, पाट आणि देऊळ यांची निगा करावी, ही गावकारीची पद्धत पोर्तुगीज येथे येण्यापूर्वीपासून आमच्या पूर्वजांस ठाऊक होती. दशावताराची जागा आजवर टिकली ती त्या शहाणपणामुळे. तेच शहाणपण चित्रपटगृहाच्या, वाचनालयाच्या किंवा नाट्यगृहाच्या कामी आणता येणार नाही असे थोडेच आहे?

पहिला कोंकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ २४ एप्रिल १९५० रोजी आमच्या म्हापशात प्रदर्शित झाला. त्या वेळी तो पाहणारी माणसे आता फार थोडी उरली असतील. विद्यार्थिमित्रांनी या सुटीत एवढे करावे : घरातील आजोबा-आजींस त्यांनी पहिला चित्रपट कोठे पाहिला, तिकीट किती होते आणि ती इमारत आज कशी आहे, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. ती इमारत अद्याप उभी असेल, तर एकदा जाऊन पाहावी. तेथे अजून खेळ होत असेल, तर घरच्यांसह तिकीट काढून आत बसावे. मोर्चे आणि अर्ज यांची वेळ पुढे येईल तेव्हा येवो. चित्रपटगृह राखण्याची सुरुवात भरलेल्या खुर्चीपासून होते.