देवळाच्या आवारातला कालवा

क्योतोच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी नानझेन-जी हे झेन पंथाचं मोठं मंदिर आहे. त्याच्या आवारात, झाडांच्या आडून, लाल विटांच्या कमानींची एक रांग दिसते. पहिल्यांदा पाहताना ती एखाद्या रोमन अवशेषासारखी वाटते. नाव सुइरोकाकू, लांबी सुमारे ९३ मीटर, बांधकाम १८८८ सालचं. बाजूच्या चढणीनं वर गेलं की खरी गोष्ट कळते. कमानींच्या माथ्यावरच्या पाटातून आजही पाणी धावतं आहे.

पुण्याच्या कात्रजच्या पेशवेकालीन नळामागे मी बरीच पायपीट केली आहे. तो जमिनीखालून जातो, वर दिसतात ते फक्त त्याचे उच्छ्वास. त्यामुळे इथे मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की देवळात पाणी आणायचं तर ते असं डोळ्यांवर येईल असं का आणलं? बोगदा का नाही खणला?

बोगद्याचाच विचार आधी होता. पण कमानींच्या पलीकडे, चार पायऱ्या वर, नानझेन-इन हे छोटं उपमंदिर आहे. सम्राट कामेयामा यांचं निवृत्तीनंतरचं निवासस्थान इथे होतं. ते त्यांनी १२९१ मध्ये झेन मंदिराला दिलं आणि नानझेन-जी उभं राहिलं. त्यांच्या अस्थींचा एक भाग इथेच ठेवलेला आहे. त्याच्याखालून खणणं शक्य नव्हतं, म्हणून कालवा समोरून, पुलावरून न्यावा लागला. म्हणजे आवाराच्या शांततेत घुसलेला हा पूल त्या समाधीची शांतता राखण्यासाठीच बांधला गेला. तळ्याकाठी बसल्यावर हे सहज विसरायला होतं.

हे पाणी येतं बिवा सरोवरातून. १८६९ मध्ये राजधानी तोक्योला गेली आणि क्योतोला उतरती कळा लागली. गव्हर्नर कितागाकी कुनिमिची यांनी सरोवराचं पाणी शहरात आणायचं ठरवलं आणि काम सोपवलं तानाबे साकुरो या नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणावर. त्याचा प्रबंध याच कालव्यावर होता. उजव्या हाताला दुखापत झालेली असल्यानं त्याचे नकाशे त्यानं डाव्या हातानं काढले होते. १८८५ ते १८९० या काळात परदेशी अभियंत्यांच्या हाताखाली न जाता हे काम पुरं झालं. खर्चासाठी नागरिकांवर जादा कर बसला. पहिला बोगदाच २,४३६ मीटरचा. कामावर सतरा माणसं मेली. तानाबेनं १९०२ मध्ये स्वतःच्या पैशानं केआगे इथे त्यांचं स्मारक उभारलं. अशा कामांमध्ये मेलेल्यांची नोंद आपल्याकडे क्वचितच सापडते, म्हणून तिथे मी जरा जास्त वेळ थांबले.

मूळ बेत होता मालवाहतुकीचा, शेतीचा आणि पाणचक्क्यांचा. सुइरोकाकूवरून जाणारी शाखा डोंगराच्या कडेनं उत्तरेकडे वळवली होती (शहरातल्या नद्या दक्षिणेला वाहतात!) आणि तिच्या वाटेवर पाणचक्क्यांवर चालणारे कारखाने येणार होते. पण १८८८ मध्ये तानाबे अमेरिकेला गेला. ॲस्पेन इथे त्यानं पाण्यावर वीज तयार होताना पाहिली आणि परतल्यावर बेत फिरला. १८९१ मध्ये केआगेचं वीजकेंद्र सुरू झालं, १८९५ मध्ये त्याच विजेवर शहरात ट्राम धावली. वीज तारेनं कुठेही नेता येते, त्यामुळे पाटाकाठी कारखाने घालायचं कारणच उरलं नाही.

नानझेन-जीच्या आसपासची मोकळी राहिलेली जमीन मग श्रीमंतांच्या बंगल्यांकडे गेली. यामागाता आरितोमो या राजकारण्यानं १८९० च्या दशकात मुरिन-आन बांधलं. बाग केली ओगावा जिहेई यानं. त्यात धबधबा आहे, हिरवळीतून पसरत जाणारा उथळ ओढा आहे, आणि पाणी सगळं कालव्याचं. पुढे ओगावानं या भागात अशा कितीतरी बागा केल्या. बहुतेक आजही खाजगी भिंतींआड आहेत, बाहेर ऐकू येते ती फक्त खळखळ.

फरक पाहायचा तर मुरिन-आननंतर लगेच जवळच्या कोन्ची-इनमध्ये जावं. सतराव्या शतकातल्या कोबोरी एन्शूच्या त्या बागेत दगडांचे क्रौंच आणि कासव आहेत, आणि त्यांच्यापुढचा समुद्र पांढऱ्या खडीचा आहे.

हेइआन मंदिराच्या तळ्यातही हेच पाणी जातं. त्याच्याबरोबर सरोवरातले मासेही आले. इचिमोंजी-तानागो नावाचा एक लहान मासा बिवात आता दिसेनासा झाला आहे. त्या तळ्यात तो अजून आहे.