एक विषाणू, दोन स्थाने

घसा आणि गर्भाशयाचे मुख यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. वर्गात आम्हीही हे अवयव निरनिराळ्या पाठांत शिकवितो. परंतु शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही हा विषाणू दोन्हीकडील नाजूक अस्तरात ठाण मांडतो. डॉ. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये शोधून काढला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूने होणाऱ्या घशाच्या कॅन्सरातही तोच प्रकार मुख्य होय. म्हणून गर्भाशयमुखाच्या पेशींत बिघाड आढळलेल्या स्त्रीस घशाच्या या रोगाचा संभव इतरांहून काहीसा अधिक असतो.

संभव म्हणजे रोग नव्हे. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप जातो. उरलाच तर वर्षानुवर्षे मुकाट राहतो. यास्तव तपासणीत दोष निघाला म्हणून कोणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवू नये. गर्भाशयमुखाचा बिघाड कॅन्सर होण्यापूर्वीच सापडतो व दूर करता येतो. घशासाठी तशी तपासणी अद्याप नाही. तेव्हा भगिनींनी तिशीनंतर संकोच सोडून तपासणी करून घ्यावी, मानेतील गाठ तीन आठवड्यांत न जिरल्यास डॉक्टरांना दाखवावी, आणि मुलींना ९ ते १४ या वयात लस द्यावी, एवढीच आमची विनंती.