कोड्याच्या उत्तरांची कविता



वर्तमानपत्रात रोज शब्दकोडे येते. ते सुटले की आपण कागद बाजूला ठेवतो. पण खरी गंमत तर पुढेच आहे. सुटलेल्या उत्तरांची कविता करता येते. कशी, ते मी सांगतो.

आधी कोड्याविषयी थोडेसे. आर्थर विन यांनी तयार केलेले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात छापून आले. तेच पहिले शब्दकोडे मानतात. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर एका घरात बसते. ‘पाऊस’ला तीन घरे लागतात : पा, ऊ, स. ‘मांजर’चा र आणि ‘रविवार’चा र जुळतो, पण ‘राजा’चा रा तिथे चालत नाही.

आता कविता. आपल्याकडे अष्टाक्षरी छंद आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे. जोडाक्षर एकच मोजायचे. म्हणजे कोड्यात जशी घरे मोजतो, तशीच इथे अक्षरे मोजायची! आमच्या वर्गाचे नियम असे :

१) कोड्यातली कोणतीही चार उत्तरे घ्या.
२) चारही शब्द कवितेत आलेच पाहिजेत. प्रत्यय लावला तरी चालेल.
३) दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक जुळवा.
४) अर्थ गमतीचा असावा, पण लागला पाहिजे.

आम्हाला मिळालेली उत्तरे : कणगी, मांजर, पाऊस, मोट. त्यांची ही कविता :

कणगीच्या आडोशाला
मांजराचे ओले पोट,
म्हणे, “पाऊस कसला?
आभाळात चाले मोट!”

यात एक अडचण आली. मोट आमच्या वर्गात कुणीच पाहिलेली नाही! विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप आले नि मोटा गेल्या. मग एका मुलीच्या आजोबांनी समजावले. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाणी पाटाने शेतात जाते. हे कळल्यावरच चौथी ओळ सुचली. शब्द नुसता पाठ असून भागत नाही, त्याचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहावा लागतो.

वस्तू गेली की तिचे नावही हळूहळू जाते. ‘धाव’ आणि ‘थारोळे’ हे दोन शब्द आम्हाला कोड्यात मिळाले नव्हते, ते आजोबांनी दिले. म्हणून पालकांना विनंती : भित्तिपत्रकाखाली कोरा कागद लावला आहे. घरातला, शेतातला, तुमच्या धंद्यातला एकेक जुना शब्द अर्थासह त्यावर लिहा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ.

आणि मित्रांनो, उद्यासाठी चार शब्द : ताक, चिमणी, नांगर, उशीर. बघू कुणाचे यमक आधी जुळते!