शिखरांचा छंद आणि सह्याद्रीचा मुलूख

ज्यांना शिखरे चढण्याचा छंद जडलेला असतो, त्यांच्यापाशी बहुधा उंचीच्या क्रमाने लिहिलेली एक यादी असते, आणि तीत कळसूबाईचे १६४६ मीटर अग्रभागी असून त्याखाली बागलाणातील साल्हेरचे १५६७ मीटर येतात; परंतु हिमालयाच्या मानाने ठेंगण्या अशा या माथ्यांपाशी माणूस जन्मभर का गुंतून राहतो, याचे उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही. ते सह्याद्रीच्या घडणीत आहे, असे माझे मत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हारस थरावर थर साचत थिजला, आणि पुढे झिजता झिजता त्यांतील कठीण थरांचे उभे कडे व मृदू थरांचे आडवे पदर झाले. सोंडेवरून छातीवरचा चढ चढावा, पदरातल्या रानात विसावावे, मग कड्याच्या पायथ्याने आडवे जाऊन एखाद्या नाळेने माथा गाठावा, हा येथील चढाईचा क्रम त्या घडणीनेच ठरविलेला आहे. घसाऱ्यावर पाऊल कसे टाकावे, टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, हे ज्ञान ज्याचे त्यानेच मिळवावयाचे असते, आणि अनेक डोंगर एकदा पाहणाऱ्यापेक्षा एकच डोंगर निरनिराळ्या ऋतूंत चढणाऱ्यास ते अधिक लाभते.

या दृष्टीने हरिश्चंद्रगडाच्या तोडीचे दुसरे स्थान मला दिसत नाही. केदारेश्वराच्या लेण्यात गारठलेल्या पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब पाहून पश्चिमेस कोकणकड्यावर यावे, खाली दरीत धुके कोंडलेले असावे व सकाळचा सूर्य पाठीशी असावा, म्हणजे क्वचित त्या धुक्यावर इंद्रवज्राचे पूर्ण वर्तुळ उमटते. आणि दोघे शेजारी उभे असले तरी प्रत्येकास त्याच्या मध्यभागी स्वतःचीच छाया दिसते.

या माथ्यांना इतिहासही आहे. साल्हेरच्या परिसरात १६७२ साली मराठ्यांनी मोगलांचा खुल्या मैदानात पराभव केला, हे सर्वश्रुत आहे. अलंग व मदन या किल्ल्यांची कथा मात्र अधिक विषण्ण करणारी आहे, कारण मराठ्यांचा अंमल १८१८ साली संपल्यावर इंग्रजांनी तेथील पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या, आणि जेथे किल्लेदाराची शिबंदी सहज ये-जा करीत असे, तेथे आज दोर लावावा लागतो.

कळसूबाईवरील लोखंडी शिड्यांना काही गिर्यारोहक नाके मुरडतात. मला ते पटत नाही. नवरात्रात देवीच्या दर्शनाला पंचक्रोशीतील आयाबाया तो डोंगर चढतात, आणि त्यांचा हक्क आमच्या छंदाहून पुष्कळ जुना आहे. ज्या पायवाटांनी आपण जातो, त्याही गुराख्यांनी व सरपण आणणाऱ्यांनी मळलेल्या आहेत. म्हणून यादी पुरी करण्याच्या घाईत वाटाड्याच्या मजुरीवर घासाघीस चाललेली पाहिली की मनस्वी वाईट वाटते. मदनच्या कातळावर आपल्यासाठी दोर घेऊन प्रथम चढणारा बहुधा पायथ्याच्या वाडीतला तोच माणूस असतो.