फोटोतलं अंतर

परवा दुपारी जरा कुठे आडवी होते, तोच शेजारच्या वहिनी मोबाइल नाचवत आल्या. "बघा हे! आणि आमच्या बाईसाहेब म्हणतात, मला एनडीएचा फॉर्म भरायचाय, पायलट व्हायचंय!"

त्यांची लेक बारावीला आहे. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. फोटो होता हवाई कसरतींचा. लाल-पांढरी दोन विमानं समोरासमोर येऊन अशी भिडलेली की एकाचा पंख दुसऱ्याच्या पोटात शिरलाय असं वाटावं. खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्याही पोटात गोळा आला.

पण लेक मागोमाग आलीच. "काकू, तुमचे दोन सारखे डबे द्या." साखरेचा आणि रव्याचा असे दोन स्टीलचे डबे तिने घेतले. एक ओट्याच्या कडेला ठेवला, दुसरा थोडा बाजूला, मागे भिंतीशी. जवळून पाहिलं तर मधे चांगलं हातभर अंतर. मग तिने आम्हा दोघींना अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपाशी नेलं आणि दारातून मोबाइल झूम करून फोटो काढला. फोटोत डबे एकमेकांना चिकटलेले! मागचा कुठला, पुढचा कुठला, तेही पटकन कळेना.

विमानांचं अगदी हेच होतं. बघणारे लोक दूर उभे असतात. समजा, विमान आपल्यापासून पाचशे मीटरवर आहे आणि दुसरं त्याच्याही पलीकडे तीस मीटरवर. तीस मीटर म्हणजे आठ-नऊ मजली इमारत आडवी टाकल्यासारखं झालं. पण इतक्या लांबून मागचं विमान फार तर सहा टक्के लहान दिसतं. तेवढा फरक डोळ्याला जाणवतच नाही, मग दोन्ही एकाच रेषेत आहेत असं वाटतं. झूमची लेन्स बिचारी अंतर खात नाही, ती फक्त लांबचं मोठं करून दाखवते. अंतर खातो तो आपला लांबून बघणारा कोन. समोरासमोर येणाऱ्या विमानांच्या वाटा आधीच वेगळ्या आखलेल्या असतात, एकाची अलीकडून, दुसऱ्याची पलीकडून. बाजूने पाहिलं तर ती फट सहज दिसेल, पण प्रेक्षक समोर बसलेले.

शिवाय कॅमेरा क्षण पकडतो. ताशी सहाशे किलोमीटरने येणारी दोन विमानं एकमेकांवरून जाताना दिसतात ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ. पापणी लवली की संपलं. फोटोग्राफर धडाधड फोटो काढतो आणि त्यातला सगळ्यात धडकी भरवणारा तेवढा छापायला देतो. (लग्नातल्या फोटोंत नेमका आपला घास तोंडात असतानाचाच निघतो, तसं!)

वहिनींचा चेहरा जरा निवळला. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण अर्धवट सांगणं मला जमत नाही. आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं एकत्र उडतात ना, तो फोटो आपल्याला किती शांत, देखणा वाटतो. रांगोळी काढल्यासारखा. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर त्यांच्या कसरती झाल्या, तेव्हा लोकांनी असे फोटो पुष्कळ काढले. पण खरी जवळीक तिथे असते. पंखापासून पंख जेमतेम पाच मीटरवर, आपल्या हॉलच्या लांबीएवढं! सगळी एकाच दिशेने, एकाच वेगाने जातात म्हणून ते जमतं, पण सगळा वेळ शेजारच्या विमानावर नजर ठेवून. चूक झाली तर सावरायला वेळच नाही. भीती वाटायची तर त्या फोटोची वाटावी, आणि त्याचीच कोणाला वाटत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूला सरावाच्या वेळी याच पथकाची दोन विमानं आदळली. एका विंग कमांडरचा जीव गेला, दोन वैमानिक वाचले. हेही मी वहिनींना सांगितलं. लेक माझ्याकडे रागाने बघत होती. मग तीच म्हणाली, "आई, हे मला माहीत आहे. दीपिका मिश्रांनाही माहीत असणार." हवाई दलाच्या सारंग या हेलिकॉप्टर पथकातून कसरती करणाऱ्या त्या पहिल्या महिला वैमानिक.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "ते पाच मीटरवालं सगळ्यांनाच करावं लागतं का गं?" नाही, म्हटलं, निवडक वैमानिकांनाच तिथे घेतात, आणि तेही कित्येक वर्षं विमान चालवल्यावर.

फॉर्मला अजून होकार मिळालेला नाही. मात्र शनिवारच्या भिशीला वहिनींनी सगळ्यांना अंगणात नेऊन डब्यांचा प्रयोग करून दाखवला. डबे माझेच होते, ते अजून त्यांच्याकडेच आहेत.