सत्राची सांगता

सत्र संपले, की सर्वसाधारण शाळेत पहिला कोण आला, याची चर्चा होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मुंबईत जय वकील यांनी १९४४ साली अशी शाळा काढली. आज अशा शाळा देशात ठिकठिकाणी आहेत. तेथे प्रत्येक मुलाचा अभ्यासक्रम स्वतंत्रपणे आखला जातो आणि त्याची तुलना केवळ त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी होते. म्हणून सत्रसमाप्तीच्या समारंभात सदऱ्याची गुंडी स्वतः लावू लागलेल्या मुलाचाही गौरव होतो. आरंभी शिक्षक गुंडी काजात अर्धी सरकवितो, मूल ती केवळ ओढून घेते. पुढे एकेक पायरी त्याच्याकडे सोपविली जाते. यात कित्येक महिने जातात.

या आनंदाला चिंतेची किनारही असते. सुट्टीत दिनक्रम मोडला, की शिकलेले विसरले जाण्याचा संभव असतो. यास्तव अनेक शिक्षक पालकांच्या हाती चित्रमय वेळापत्रक देतात. घाईच्या वेळी आईने गुंडी लावून देणे सोपे, मुलासाठी थांबणे कठीण. परंतु सत्रभराचे श्रम त्या थांबण्यावरच टिकून राहतात.